कृतीचे पुस्तक आणि समजुतीचे पुस्तक: फोटो एडिटिंग शिकताना कोणते हाती घ्यावे?

फोटोशॉप किंवा गिम्प यांसारखे फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर नव्याने शिकू पाहणाऱ्याला पुस्तकाचा उपयोग होतो का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण ‘मार्गदर्शक’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातींची पुस्तके विकली जातात. पहिल्या जातीचे पुस्तक कृती सांगते: हा मेनू उघडा, हा आकडा टाका, ओके दाबा. दुसऱ्या जातीचे पुस्तक छायाचित्रात काय घडले आहे ते समजावते आणि कृती त्या समजुतीतून निघते. मुखपृष्ठे सारखी असतात, प्रकरणांची नावेही बहुधा तीच असतात (लेअर, सिलेक्शन, मास्क, लेव्हल्स), आणि म्हणूनच घेणाऱ्याला फरक कळत नाही.

ठाणे खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंचे उदाहरण घेऊ. ऐरोलीहून बोटीने जाऊन काढलेल्या त्यांच्या फोटोंचे दुखणे बहुतेक वेळा एकच असते: पक्षी दूर, हवा धुरकट आणि त्यामुळे सगळे चित्र फिके, राखाडी. कृतीचे पुस्तक सांगेल की लेव्हल्स (फोटोतल्या काळ्या-पांढऱ्या छटांची मर्यादा ठरवणारे साधन) उघडून काळा स्लायडर २५ वर आणि पांढरा २३० वर आणा. हे आकडे खोटे नसतात. पण ते पुस्तकात छापलेल्या, लेखकाने धड्यासाठी निवडलेल्या फोटोचे असतात.

समजुतीचे पुस्तक आधी हिस्टोग्राम वाचायला लावते. आठ बिटांच्या फोटोत प्रत्येक रंगवाहिनीची (लाल, हिरवी, निळी) उजळता ० ते २५५ अशा २५६ पायऱ्यांत मोजली जाते आणि कोणत्या पायरीवर किती पिक्सेल आहेत, ते हा आलेख दाखवतो. धुरकट फोटोत आलेखाचा डोंगर मध्येच, समजा ७० ते १९० च्या दरम्यान, गोळा झालेला असतो आणि दोन्ही कडा रिकाम्या राहतात. काळा स्लायडर डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणि पांढरा उजव्या पायथ्याशी नेला की मधल्या छटा पूर्ण पट्टीवर पसरतात आणि फिकेपणा जातो. या फोटोला २५ आणि २३० हे आकडे लावले तर दोन्ही पायथ्यांशी मोकळी जागा उरते आणि धुरकटपणा बराचसा तसाच राहतो. उलट ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठी भर उन्हात काढलेल्या, पांढरा सदरा घातलेल्या माणसाच्या फोटोत तोच २३० सदऱ्याच्या सुरकुत्या पुसून टाकतो, कारण २३० आणि त्यावरच्या सगळ्या छटा एकाच कोऱ्या पांढऱ्यात जमा होतात. फ्लेमिंगोंच्या बाबतीतही हात आवरावा लागतो: गुलाबी पंखांत लाल वाहिनी सर्वांत आधी कमाल मर्यादेला टेकते आणि पिसांचे तपशील सपाट होतात. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून स्लायडर सरकवला की नेमका कोणता भाग असा वाया जातो आहे, ते पडद्यावर लगेच दिसते. ही एक कळ माहीत असणे मला कितीतरी तयार आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते.

दहावीच्या गाइडमधले सोडवलेले गणित वहीत उतरवून पूर्ण झाल्याचे समाधान मिळते, पण प्रश्नपत्रिकेत आकडे बदलले की पेन थांबते. कृतीच्या पुस्तकावर विसंबलेल्याचे स्वतःचा फोटो उघडल्यावर तसेच होते.

तरीही कृतीचे पुस्तक निरुपयोगी मानणे अन्यायाचे आहे. सुरुवातीला कोणते साधन कुठे आहे हेच सापडत नसते, आणि त्या दिवसांत एखादे काम शेवटपर्यंत तडीस गेले की हाताला वळण लागते व धीर येतो. काही कामे तर मुळातच ठरलेल्या मापांची असतात. स्टेशनजवळच्या फोटोच्या दुकानात ओळखपत्रासाठी ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो करायचा, तर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ४१३ × ५३१ पिक्सेल हे उत्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला लागू पडते. तिथे कृती पाठ असणे हेच कौशल्य होय.

कृतीच्या पुस्तकाचे खरे दुबळेपण त्याच्या वयात आहे. ऑक्टोबर २०१८ पूर्वीच्या फोटोशॉपमध्ये कोपरा ओढून फोटोचा आकार बदलताना प्रमाण राखण्यासाठी शिफ्ट दाबून ठेवावी लागे. त्या महिन्यात आलेल्या आवृत्तीपासून प्रमाण आपोआप राखले जाते आणि शिफ्ट दाबली तर ते उलट मोडते. जुन्या पुस्तकातली सूचना तंतोतंत पाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर माणसाचा चेहरा लांबट होतो, आणि चूक पुस्तकाच्या वयाची असूनही तो स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. एकामागून एक पावले मागे जाण्यासाठी पूर्वी कंट्रोल, ऑल्ट आणि झेड एकत्र दाबावे लागत. त्याच आवृत्तीपासून नुसते कंट्रोल आणि झेड पुरते. गिम्पची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि तिच्यात बहुतेक फिल्टर मूळ लेअरला धक्का न लावता देता येऊ लागले, त्यामुळे फिल्टरपूर्वी लेअरची प्रत काढण्याचा जुन्या पुस्तकांतला सल्ला आता पूर्वीइतका अटळ राहिलेला नाही. समजुतीच्या पुस्तकाला अशी झळ फारशी बसत नाही. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ मध्ये आले. एकावर एक ठेवलेले थर आणि वरच्या थराची पारदर्शकता हा त्यांचा मूळ विचार आजही तोच आहे, आणि हिस्टोग्रामचे वाचन तर फोटोशॉप व गिम्प दोन्हींत सारखेच करावे लागते.

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हातात आले की थेट लेव्हल्सचे प्रकरण उघडावे. तिथे आकडा असेल पण तो कुठून आला हे सांगितलेले नसेल, तर ते कृतीचे पुस्तक होय. मग प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती आपल्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरशी जुळत असेल तरच ते घ्यावे. एकच साधन दोन भिन्न फोटोंवर वापरून दाखवले असेल आणि दोन्हीकडे आकडे वेगळे का आले याचा खुलासा असेल, तर पुस्तक दहा वर्षे जुने असले तरी ते घेण्याजोगे आहे; त्यातली मेनूची नावे तेवढी आपल्या आवृत्तीशी पडताळून घ्यावी लागतील.