तिकिटातलं जेवण वेगळं कसं झालं

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं आणि परतवाडा, दर्यापूर, मोर्शी भागातल्या बुकिंगच्या दुकानांत एक प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला: "यात जेवण राहते का?" विचारणाऱ्यांत पहिल्यांदा विमानात बसणारे बरेच असतात. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी बंगळूरूला, घरी नातू आलेला, आणि कापूस-तूर विकून झाल्यावर म्हातारा-म्हातारी निघालेली. या प्रश्नाचं उत्तर गेल्या वीस-बावीस वर्षांत अनेकदा बदललं आहे. ते का बदललं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

विमान विदर्भाला नवीन नाही. १९४९ पासून पुढची वीसहून जास्त वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी रात्री निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या गावी परत फिरायची. त्यांतून थोडे प्रवासीही जात आणि अर्ध्या रात्री नागपुरात विमान बदलत. खेड्यातल्या माणसाचा त्या विमानाशी संबंध त्याच्या पत्रापुरता होता. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. मधल्या काळात देशांतर्गत विमान म्हणजे सरकारी विमान, तिकीट म्हणजे लाल कार्बनची चोपडी, आणि जेवण भाड्यातच. नव्वदीत खासगी कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी एकमेकींशी स्पर्धा केली तीही जेवणाच्या ताटावरच.

खरा बदल ऑगस्ट २००३ चा. त्या महिन्यात देशातली पहिली स्वस्त विमानसेवा सुरू झाली. तिने तिकीट इंटरनेटवर विकलं, पुढे पेट्रोल पंपांवरही विकलं, आणि खाणं भाड्यातून काढलं. ज्याला हवं त्याने आत विकत घ्यावं. २००५ आणि २००६ मध्ये आणखी कंपन्या त्याच वाटेने आल्या. त्यातली एक आज देशातली सगळ्यात मोठी कंपनी आहे.

जेवण काढण्यात वाचतं काय, तर ताटाची किंमत हा त्यातला लहान भाग. विमानात स्वयंपाक होत नाही. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजवून थंड केलेलं अन्न वर नेतात आणि ओव्हनमध्ये गरम करतात. ओव्हन, ट्रॉल्या आणि त्या ठेवायची जागा काढली की तिथे खुर्च्या बसतात. एकाच वर्गाच्या ए-३२० विमानात १८० माणसं बसवता येतात ती अशी. वजन घटतं, इंधन वाचतं, उतरल्यावर साफसफाई लवकर आटोपते आणि तेच विमान दिवसात एक फेरी जास्त मारतं. गरम पाणी ओतलं की तयार होणारा उपमा आणि पोहे आले ते ओव्हन नसल्यामुळे. आपल्याकडचे लोक म्हणतात की विमानातलं खाणं अळणी लागतं. त्यातला काही दोष हवेचा आहे. आत हवा फार कोरडी असते, दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावा तितका कमी असतो, आणि अशा हवेत जिभेला मीठ आणि गोड दोन्ही कमी लागतं.

आता मूळ वादाकडे: जेवण भाड्यात असावं की वेगळं? २०१३ मध्ये देशाच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे डीजीसीएने, विमान कंपन्यांना परवानगी दिली की काही सेवा मूळ भाड्यातून वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र पैसे घ्यावेत: आवडीची खुर्ची, खाणंपिणं, लाउंज, सामान. खाण्यापिण्यात एकच अपवाद ठेवला, पिण्याचं पाणी. ते आजही मागितलं की मिळायला हवं. स्वस्त कंपन्या हे आधीपासून करतच होत्या. या आदेशाने त्याला सर्वांसाठी नियमाचं रूप दिलं.

कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं. जो जेवत नाही त्याने दुसऱ्याच्या जेवणाचे पैसे का द्यावेत? नागपूर ते मुंबई दीड तासाचा प्रवास, त्यात कितीजण जेवतात? ऐकायला हे न्याय्य वाटतं आणि काही अंशी आहेही. एकादशीला निघालेल्या वारकऱ्याने न खाल्लेल्या सँडविचचे पैसे भरावेत असं कुणीच म्हणणार नाही.

पण या वादात "मोफत" या शब्दाने मोठा घोळ घातला. "आधी जेवण मोफत होतं, आता विकत झालं," असं तेव्हा छापून आलं आणि आजही लोक तसंच बोलतात. ते कधीच मोफत नव्हतं. भाड्यातच धरलेलं होतं. मोफत होतं म्हटलं की कंपनीने आपली कृपा थांबवली, एवढाच अर्थ निघतो आणि तक्रार तिथेच संपते. भाड्यात होतं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग जेवण काढलं तेव्हा भाडं किती उतरलं?

याचं उत्तर तपासायचं साधनच प्रवाशाकडे नाही. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. टप्पे मोजले की कंडक्टरने बरोबर घेतले का, हे अमरावती ते वरुड जाणारी शाळकरी पोरगीसुद्धा सांगेल. रेल्वेत राजधानी-दुरांतोच्या तिकिटात जेवणाची रक्कम वेगळी धरलेली असते, आणि २०१७ च्या सुमारास तिथे जेवण नाकारायची सोय झाली तेव्हा नाकारणाऱ्याच्या भाड्यातून तेवढी रक्कम कमी होऊ लागली. नागपूर-मुंबई दुरांतोने जाणाऱ्याला आपले किती वाचले हे दिसतं. विमानाचं भाडं मात्र तासातासाला हलतं. सकाळी पाहिलेलं रात्री राहत नाही आणि शेजारच्या खुर्चीवाल्याने दुप्पट दिलेले असू शकतात. जे भाडं स्वतःच एका जागी थांबत नाही, त्यातून जेवण वजा झालं की नाही हे कशाच्या आधारावर म्हणायचं? भाडी त्या काळात स्पर्धेमुळे उतरली, हे खरं आहे. जेवण काढल्यामुळे किती उतरली, हे कुणी दाखवून दिलेलं नाही. माझ्या मते हा आदेश इथे अपुरा पडला. सेवा वेगळ्या करायला परवानगी देताना मूळ भाड्यातली वजावट दाखवण्याची सक्ती करायला हवी होती.

एप्रिल २०२४ मध्ये याच विषयावर नवं परिपत्रक निघालं. त्यात सात सेवा मोजून सांगितल्या आहेत, जेवण त्यात आहे, आणि अट आहे ती अशी की प्रवाशाने स्वतःहून निवडलं तरच पैसे लागावेत. आधीच खूण करून ठेवायची आणि नको असेल त्याने काढायची, असं चालणार नाही. कागदावर ही अट चांगली आहे. तिने एक गृहीत धरलं आहे, की खूण करणारा आणि प्रवास करणारा माणूस एकच आहे.

आपल्याकडे तो एक नसतो. हे समजायला तिकीट विक्रीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. जून २००८ पासून जगभर कागदी तिकिटं बंद झाली आणि ई-तिकीट आलं. त्याच सुमारास कंपन्यांनी एजंटांचं कमिशन काढून घेतलं. शहरातल्या माणसाने संकेतस्थळावर स्वतः तिकीट काढायला सुरुवात केली. तालुक्याच्या गावी हे काम ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांकडे, मोबाईल रिचार्जच्या दुकानांकडे आणि ट्रॅव्हल्सच्या बुकिंगवाल्यांकडे गेलं. सातबारा काढणारा, पीक विम्याचा अर्ज भरणारा आणि विमानाचं तिकीट काढणारा पोरगा तोच. त्याला कंपनीकडून काही मिळत नाही. तो आपली मजुरी वरून घेतो, संकेतस्थळ आपलं सुविधा शुल्क लावतं, आणि ते तिकीट रद्द केलं तरी सहसा परत येत नाही.

त्या दुकानातला संवाद असा होतो.

"काकाजी, जेवण टाकू का?"

"त्याचे पैसे अलग लागते का?"

"हो, लागतीन ना."

"मंग राहू दे, भाकर नेतो आम्ही घरून."

पुष्कळदा एवढाही होत नाही. पोरगा मागे उभी असलेली रांग पाहतो आणि ते पान न विचारता पुढे सरकवतो. तो फसवत नाही, घाईत असतो. पण शाकाहारी की मांसाहारी, गोड चालतं का, मधुमेह आहे का, हे प्रश्न मग त्या माणसापर्यंत पोचतच नाहीत. आधी निवडलेलं जेवण विमानात विकत घेण्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतं, हेही त्याला कळत नाही. वर गेल्यावर ट्रॉली येते तेव्हा हवा तो पदार्थ संपलेला असतो.

जुलै २०१७ मध्ये एअर इंडिया या तेव्हाच्या सरकारी कंपनीने देशांतर्गत साध्या वर्गात मांसाहारी जेवण बंद केलं. वाया जाणारं अन्न, खर्च आणि ताटांची अदलाबदल होण्याची भीती अशी कारणं दिली गेली. त्यावर देशभर खूप बोललं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये मालकी बदलली आणि पुढे मांसाहारी पर्याय परतही आले. विदर्भाच्या खेड्यातल्या प्रवाशाला या वादाची झळ फारशी लागली नाही, कारण तो बसतो ती विमानं बहुधा विकत खाण्याचीच असतात.

त्याला झळ बसली ती एप्रिल २०२१ च्या आदेशाची. करोनात मे २०२० मध्ये विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा आत खाणं पूर्ण बंद होतं. ऑगस्टअखेर बंद पाकिटातलं खाणं द्यायला परवानगी मिळाली. मग दुसरी लाट आली आणि १५ एप्रिल २०२१ पासून दोन तासांपेक्षा कमी अंतराच्या विमानांत जेवण पुन्हा थांबवलं. ते त्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. नागपूर देशाच्या मध्यावर आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरू, सगळी दोन तासांच्या आत. म्हणजे इथून सुटणारी जवळजवळ सगळीच विमानं त्या बंदीत आली.

साथीत मास्क काढू नये हा हेतू बरोबरच होता. पण दोन तास मोजले ते विमानाचे. मेळघाटातल्या धारणीहून निघणारा माणूस आधी अमरावती गाठतो, तिथून नागपूर दीडशे किलोमीटर, मग विमानतळावर वेळेआधी दोन तास. सकाळच्या विमानासाठी तो आदल्या रात्री घरून निघालेला असतो. दीड तासाचं उड्डाण हे त्याच्या दहा-बारा तासांच्या प्रवासाचं शेपूट आहे. विमानातल्या जेवणाची गरज उड्डाणाच्या तासांवर ठरवण्याची पद्धत सगळ्याच नियमांत आहे आणि ती खेड्यातून निघालेल्या प्रवाशाला कुठेच धरत नाही. बेलोरा सुरू झाल्याने, किंवा गोंदियाजवळच्या बिरसीहून मार्च २०२२ मध्ये सुरू होऊन, बंद पडून, डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केलेल्या सेवेने जो फरक पडतो तो इथे. वाचतो तो रात्रीचा रस्ता.

जेवणाचा एक हक्क अजून शाबूत आहे आणि तो जमिनीवरचा आहे. २०१० मध्ये केलेल्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं, तिकीट कितीही स्वस्त असो. नागपूरची विमानं लटकतात तेव्हा हा नियम कामाला येतो. मात्र ते काउंटरवर जाऊन मागावं लागतं. खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या जोडप्याजवळ कुणी आणून देतंच असं नाही.

बाकी मग घरची शिदोरी. पोळी, कोरडी भाजी, जवसाची चटणी, चिवडा, हे बरोबर नेता येतं. ओटीत मिळालेली सुक्या खोबऱ्याची वाटी तेवढी चेक-इनच्या बॅगेत टाकू नये. खोबऱ्यात तेल जास्त, ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून मार्च २०२२ पासून त्याला तिथे मनाई आहे. लग्न आटोपून परतणाऱ्या कित्येक लेकीबाळींची बॅग नागपूरला याच एका वाटीसाठी उघडावी लागते.