ओ-रिंगला सीलंट लावू नका: घरी डाइव्ह टॉर्च जोडणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्या कुडाळच्या वर्कशॉपमधून सुटे भाग नेणारे ग्राहक आता मालवण-तारकर्लीपुरते राहिलेले नाहीत. गोव्याचे डायव्हिंगवाले नेतात, पुण्या-मुंबईचे हौशी लोक कुरिअरने मागवतात, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांतले बरेच जण आमच्यापेक्षा हुशार असतात. त्यामुळे सोल्डरिंग कसं करायचं, एलईडीला करंट पुरवणारा ड्रायव्हर कुठे बसतो, हे इथे सांगत नाही. किटबरोबरच्या आकृतीत ते आहे. हे पत्रक एकाच तक्रारीसाठी छापलं आहे: "टॉर्चमध्ये पाणी गेलं."

ही तक्रार घेऊन आलेला टॉर्च बहुतेक वेळा हाताने उघडतच नाही. व्हाइसमध्ये धरून पट्टा-पान्याने जोर लावावा लागतो. झाकण सुटलं की आतून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि आट्यांमध्ये पांढरं, रबरासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. मग आम्हाला विचारावं लागत नाही. ग्राहकाने जास्तीची खबरदारी म्हणून झाकणाच्या रबरी ओ-रिंगवर आणि आट्यांवर सिलिकॉन सीलंट फासलेलं असतं.

हेतू चांगला असतो, हे मान्य. शिवाय किटच्या सूचनेत "सिलिकॉन ग्रीस" लिहिलेलं, आणि हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन मागितलं की बेसिनच्या फटी बुजवायची ट्यूब हातात पडते. ग्रीस कधीच वाळत नाही, सीलंट वाळून घट्ट होतं. टॉर्चला लागतं ते ग्रीस. किटमध्ये त्याची पुडी आम्ही मुद्दाम घालतो, ती संपली तर पुन्हा मागा, पण ट्यूब विकत घेऊ नका.

ओ-रिंग पाणी कसं अडवते

ओ-रिंग म्हणजे फट बुजवणारं पॅकिंग नव्हे. ती खाचेत बसते तेव्हा तिला थोडी हालायला जागा लागते. आमच्या बॅरलवर, म्हणजे टॉर्चच्या नळीवर, 2 मिमी जाडीच्या रिंगसाठी खाच साधारण 1.5 मिमी खोल आणि 2.6 मिमी रुंद असते. झाकण बसलं की रिंग जाडीच्या पाव हिश्शाने दबते, आणि रबर दाबून आकुंचन पावत नसल्यामुळे ती बाजूला पसरते. त्या पसरण्यासाठीच खाच रिंगपेक्षा रुंद ठेवलेली असते. आता बाहेरून पाण्याचा दाब आला की रिंग खाचेच्या आतल्या भिंतीवर सरकते आणि झाकणाच्या भिंतीवर आणखी घट्ट बसते. म्हणजे तुम्ही जितके खोल जाल, तितकी ती जास्त आवळते. पाण्याचा जोर तिच्याच कामी येतो.

खाचेत सीलंट भरलं की ही सगळी व्यवस्था मोडते. रिंगला पसरायला जागा उरत नाही, सरकायलाही नाही. सीलंट सगळीकडे सारखं वाळत नाही, त्याच्या गाठी होतात, आणि जिथे गाठ तिथे रिंग धातूपासून उचलली जाते. पाण्याला तेवढी वाट पुरते. पुढच्या वेळी सेल बदलायला झाकण उघडलंत की वाळलेलं सीलंट फाटतं, त्याचे तुकडे खाचेत राहतात, आणि दुसरी नवी रिंग घातली तरी गळती चालूच.

"पण मी फक्त आट्यांवर लावलं होतं," असं बरेच जण म्हणतात. आमच्या बांधणीत पाणी आधी ओ-रिंगला भेटतं, आटे तिच्या आतल्या बाजूला कोरडे असतात. पाणी अडवणं हे आट्यांचं कामच नाही. उलट सेलच्या ऋण टोकाचा करंट बॅरलमधून, झाकणाच्या उघड्या धातूच्या कडेतून जातो. म्हणून बॅरलचं सगळं अंग अ‍ॅनोडाइझ केलेलं, म्हणजे वीज न वाहणारा कडक थर चढवलेलं, असूनही ती कड आणि आटे आम्ही मुद्दाम कोरे ठेवतो. तिथे सीलंट किंवा प्लंबरचा टेफ्लॉन टेप लावलात की संपर्क तुटतो आणि टॉर्च लुकलुकायला लागतो. मग "ड्रायव्हर खराब आहे" म्हणून आम्हाला फोन येतो.

आंबट वासाचं कारणही सांगायला हवं. स्वस्त सीलंट वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं. बंद बॅरलमध्ये त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ते तांब्याच्या तारा आणि सोल्डरचे सांधे खातं. पाणी एक थेंबही न शिरता असे टॉर्च मेलेले आम्ही पाहिले आहेत.

ग्रीस किती, आणि रिंग कशी बसवायची

रिंग चकाकली पाहिजे, ग्रीस दिसता कामा नये. बोटावर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस घेऊन त्यातून रिंग फिरवली की पुरे. ग्रीस गळती थांबवत नाही. झाकण फिरताना रिंग पिळवटू नये, घासून सोलली जाऊ नये, एवढंच त्याचं काम. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण. तारकर्लीच्या किनाऱ्यावर बसून, वाऱ्यात झाकण उघडून सेल बदलायची सवय असेल, तर बाकी कितीही काळजी घ्या, उपयोग नाही. एक वाळूचा कण किंवा टॉवेलचा एक धागा पुरतो.

आमच्या रिंगा नायट्राइल रबराच्या, 70 शोअर कडकपणाच्या आहेत. त्यांना सिलिकॉन ग्रीस चालतं. तुम्ही कुठून तरी लाल किंवा पारदर्शक सिलिकॉनच्या रिंगा आणून बसवल्यात तर तेच ग्रीस त्यांना फुगवतं. रंगीत रिंग छान दिसते म्हणून बदलू नका.

रिंग काढायला स्क्रू-ड्रायव्हर किंवा टाचणी वापरू नका. दोन बोटांनी चिमटीत धरून एका बाजूला ढकला, ती वर उचलली जाते. खाचेत आडवा, म्हणजे बॅरलच्या लांबीच्या दिशेने ओरखडा पडला, तर तो आयुष्यभर गळतो. गोलाकार दिशेचा बारीक ओरखडा तेवढा त्रास देत नाही. खाच नखाने तपासा, डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागतं.

एका खाचेत दोन रिंगा घालणारेही भेटतात. त्याबद्दल फक्त नको एवढंच लिहितो.

उथळ पाण्यातच का गळतो

"बादलीत ठेवला, काही झालं नाही. 20 मीटरला नेला, तरी ठीक. आणि स्नॉर्कलिंगला वापरला तर गळला!" हा प्रश्न नेहमीचा, आणि उत्तर वरच्याच गोष्टीत आहे. खोलवर पाण्याचा दाब रिंगला आवळतो. दर 10 मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, 30 मीटरवर 50 मिमी व्यासाच्या काचेवर जवळपास 60 किलोचा भार येतो, म्हणजे एक माणूस काचेवर उभा. तो भार काचेखालच्या रिंगला दाबून धरतो. एक-दोन मीटरवर हा दाब जवळजवळ नसतो, तिथे रिंग फक्त तुम्ही दिलेल्या आवळण्यावर टिकते. कड पुरती आवळली नसेल, केस अडकला असेल, तर गळती दिसायची ती उथळ पाण्यातच.

म्हणून बादलीची चाचणी फालतू नाही, अपुरी आहे. पहिल्यांदा सेल आणि एलईडी न घालता, आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून बंद करा आणि बादलीत तासभर बुडवून ठेवा. मग वजन बांधून दोरीने खोल सोडा. होडीवरून 20-25 मीटर दोरी सोडणं फार अवघड नाही. टिश्यू कोरडा निघाला की मगच आतली वस्तू भरा.

प्रेशर कुकरमध्ये चाचणी घेणाऱ्यांसाठी: शिट्टीच्या वजनाला कुकरमधला दाब जेमतेम एक बार असतो, म्हणजे 10 मीटर, आणि तोही उकळत्या वाफेत. काच तडकेल. सेल आत असेल तर त्याहून वाईट होईल.

पाणी नव्हे, दव

तक्रारींतला मोठा भाग गळतीचा नसतोच. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत टॉर्च बंद केला की ती दमट हवा आत अडकते. पाण्यात गेल्यावर काच थंड होते आणि तिच्या आतल्या बाजूला दव धरतं. दव असेल तर काच धुरकट होते आणि टॉर्च वर आणून थोडा वेळ चालू ठेवला की ती निवळते. गळती असेल तर थेंब राहतो, आणि तो चाखलात तर खारट लागतो. (सेल फुटलेला नसेल याची खात्री असेल तरच.) उपाय साधा आहे: टॉर्च होडीवर बंद करू नका, आदल्या रात्री एसीच्या खोलीत बंद करा, आत सिलिका जेलची एक पुडी टाका.

काचेबद्दल एवढंच. आम्ही टफन्ड काच देतो, ती कापता किंवा घासता येत नाही, म्हणून माप आधी सांगा. अ‍ॅक्रिलिक वापरायचं असेल तर ते स्पिरिटने पुसू नका आणि त्याच्याजवळ थ्रेड-लॉकर (आटे पक्के करायचा द्रव) नेऊ नका, बारीक तडे जातात.

सेल भिजला तर

हे मात्र नीट वाचा. लिथियम-आयन सेल खाऱ्या पाण्यात बुडला की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो, खुद्द सेलही वायू सोडू शकतो, आणि हे सगळं तुम्ही इतक्या कष्टाने हवाबंद केलेल्या नळीत. पाणी शिरल्याचा संशय आला तर डाइव्ह थांबवा. वर आल्यावर टॉर्च गरम लागत असेल तर त्याला हात लावू नका, माणसांपासून दूर ठेवा. थंड असेल तर काच आणि झाकण दोन्ही तोंडापासून, माणसांपासून दूर वळवून झाकण हळूहळू, पाव पाव आट्याने सोडा. फुस्स आवाज आला तर थांबा, वायू निघून जाऊ द्या. तो सेल पुन्हा चार्जरला लावू नका, कितीही ठीक दिसला तरी.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल दोन-दोन जोडून घालू नका. त्यांतला कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा चार्ज करतो. आमचं लहान किट एकाच 18650 मापाच्या सेलवर चालतं, ते याच कारणाने. एक्सएम-एल2 एलईडीला 2.8 अँपिअर देणाऱ्या ड्रायव्हरवर चांगला 2600 एमएएचचा सेल पाऊण तासाच्या आसपास टिकतो, एका डाइव्हला पुरेसा. किटमध्ये सेल का देत नाही, असं विचारलं जातं. सुटे लिथियम सेल कुरिअरने पाठवणं सोपं नाही, आणि बाजारात 9900 एमएएच छापलेले नकली सेल इतके आहेत की आम्हाला ती जबाबदारी नको. दुकानात आलात तर तपासलेले सेल देतो.

आमची पद्धत अशी का

आमच्या बॅरलवर "40 मीटर" एवढंच कोरलेलं असतं. परदेशी टॉर्चवर 100 आणि 150 मीटर लिहिलेलं पाहून काही ग्राहक नाराज होतात. ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्याची मर्यादा 18 मीटर आहे, हौशी डायव्हिंगची 40. आंग्रिया बँक या समुद्रातल्या प्रवाळाच्या पठाराचा माथा पाण्याखाली साधारण 20 मीटरवर आहे. आम्ही प्रत्येक बॅरल दाबाच्या भांड्यात 6 बारला, म्हणजे सुमारे 60 मीटरच्या दाबाला अर्धा तास ठेवतो आणि 40 लिहितो. याच्या पलीकडचा आकडा छापायला शाईशिवाय काही लागत नाही.

तुम्ही घरी जोडलेला टॉर्चही त्याच भांड्यात तपासून देतो. त्याचं थोडं शुल्क घेतो, कारण अर्धा तास भांडं अडकतं आणि एक माणूस गेजकडे बघत बसतो. किट आमचं असेल तर पहिली चाचणी फुकट. टॉर्च सेल काढून आणा.

सीलंट लावलेला टॉर्च मात्र दुरुस्तीच्या हमीत घेत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण खाच साफ करायला बॅरल पुन्हा लेथवर चढवावा लागतो, कधी खाच थोडी वाढवून जाड रिंग बसवावी लागते, आणि अ‍ॅनोडायझिंग गेलेलं असेल तर तो कोल्हापूरला पाठवावा लागतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा स्क्रू आणि खारं पाणी एकत्र मिळालं की खड्डे पडायला एक मोसम पुरतो. एवढ्या खर्चात नवं बॅरल येतं, आणि आम्ही तेच सुचवतो. जुन्यातला एलईडी आणि ड्रायव्हर चालत असेल तर तो नव्यात बसवून देतो, त्याची मजुरी घेत नाही.

दर डाइव्हनंतर टॉर्च बंद असतानाच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, उघडायचा तो पूर्ण सुकल्यावर. रिंगा दर मोसमाला बदला. प्रत्येक किटबरोबर दोन जादा रिंगा असतात, जास्त लागल्या तर पाकिटाने मिळतात आणि त्यांची किंमत एका चहाच्या आसपास आहे.

पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं तेव्हा आमचा लेथ मोकळा असतो. तपासणी, रिंगा, नवी काच, जे काही असेल ते जून ते ऑगस्टमध्ये पाठवा, आठवड्याच्या आत परत मिळतं. दसऱ्यानंतर पाठवलंत तर रांगेत थांबावं लागेल, कारण तेव्हा सगळ्यांनाच टॉर्चची आठवण होते.