तडकलेलं कार्बन फायबर: भीती कशाची बाळगायची?

स्पीडब्रेकरवर घासून बंपरखालची कार्बन फायबरची काळी पट्टी, म्हणजे स्प्लिटर, तडकते, किंवा अरुंद गल्लीत रिक्षा चाटून जाते आणि आरशाचं विणकामाच्या नक्षीचं झाकण फुटतं. फुटलेल्या कडेवर काळी कुसळं उभी राहतात. हात फिरवला की टोचतात आणि बोटाला काळपट भुकटी लागते. गाडीत मुलं बसत असतील, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: हे ॲस्बेस्टॉससारखं तर नाही ना?

शंका रास्त आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत जातात, फुप्फुसात रुततात आणि काही दशकांनी कर्करोग होऊन समोर येतात. तंतूमय धूळ म्हटलं की ते आठवायलाच हवं. पण एखादा तंतू फुप्फुसाला किती घातक ठरेल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: तो किती जाड आणि किती लांब आहे, शरीरात विरघळतो की नाही, आणि किती प्रमाणात आत गेला. कार्बन फायबर या तीन कसोट्यांवर लावून पाहिलं की चित्र बरंच स्वच्छ होतं.

गाड्यांमध्ये वापरलं जाणारं बहुतेक कार्बन फायबर पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्यापासून बनतं. हा धागा आधी हवेत तापवून स्थिर करतात, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंश सेल्सिअसच्या वर नेतात. बाकीची मूलद्रव्यं उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. असा एक तंतू साधारण 5 ते 7 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस याच्या दहापट जाड. काळ्या चौकटींची जी वीण आपल्याला दिसते, तिच्या एकेका पट्टीत सहसा 3000 तंतू असतात. नेहमीच्या कापडात एका सेंटिमीटरला अशा पाच पट्ट्या बसतात. म्हणजे एक सेंटिमीटर तडा गेला, तर कापडाच्या एकाच थरात 15,000 तंतू तुटलेले असतात, आणि एका भागात सहसा असे दोन-तीन थर असतात. कुसळं इतकी दाट का दिसतात, ते यावरून कळावं.

आता फुप्फुसाकडे येऊ. तंतू मोजताना जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा आहे: लांबी 5 मायक्रॉनपेक्षा जास्त, जाडी 3 मायक्रॉनपेक्षा कमी, आणि लांबी जाडीच्या किमान तिप्पट. असा तंतू हवेबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतो. तिथे सफाईचं काम करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांच्या पोटात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत त्या पेशी दाह निर्माण करणारी रसायनं सोडत राहतात. ॲस्बेस्टॉसच्या आजाराची सुरुवात इथे होते. ॲस्बेस्टॉसचा सुटा तंतू मायक्रॉनच्या दोन-तीन शतांशांइतका बारीक असू शकतो, आणि घासला गेला की तो उभा चिरत जातो, आणखी बारीक होतो.

कार्बनचा 7 मायक्रॉनचा तंतू त्या मानाने फारच जाड आहे. तो नाकात, फार तर घशात आणि वरच्या श्वासनलिकेत अडकतो, आणि शिंकेतून, खोकल्यातून बाहेर पडतो. दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे हा तंतू तुटतो तो आडवा. तुकडे आखूड होतात, पण जाडी तेवढीच राहते. विरघळण्याच्या कसोटीवर मात्र कार्बन पास होत नाही: तो शरीरात विरघळत नाही. म्हणूनच त्याची जाडी कायम राहणं इतकं मोलाचं आहे. ज्या ज्या परिस्थितीत ती जाडी कमी होते, तिथे काळजी करायला हवी.

अशी एक परिस्थिती तंतूच्या जातीतच आहे. डांबरासारख्या पदार्थापासून, म्हणजे पिचपासून, बनवलेले अतिताठर तंतू घासताना उभे चिरून बारीक कुसळं सुटू शकतात, असं जर्मनीतल्या संशोधकांना आढळलं आहे. उपग्रह आणि काही खास यंत्रांसाठी ते वापरतात. रस्त्यावरच्या गाडीच्या स्पॉयलरमध्ये ते भेटण्याची शक्यता फार कमी. अनेकांची गल्लत होते ती कार्बन नॅनोट्यूबशी. ती वस्तूच वेगळी, कितीतरी पट बारीक, आणि तिच्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं आहे. नॅनोट्यूबची बातमी वाचून आरशाच्या झाकणाला घाबरायचं कारण नाही.

म्हणजे तडकलेला भाग गाडीवर नुसता असणं, त्याच्या शेजारून जाणं, त्या गाडीत बसणं यात फुप्फुसाला सांगण्यासारखा धोका नाही. तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या कडक झालेल्या गोंदासारख्या पदार्थात, घट्ट रुतलेले असतात आणि वाऱ्याने आपोआप सुटून उडत नाहीत. उन्हाने वरची क्लिअर कोट पिवळी पडून सोलली, तरी आतले तंतू बहुतांशी जागेवरच राहतात.

खरा त्रास आहे कातडीला आणि डोळ्यांना. धातूचा पत्रा आपटला की वाकतो; कार्बन फायबरचे मात्र तुकडे होतात, आणि त्या तुटण्यातच आघाताची ऊर्जा खर्च होते. 1981 मध्ये इटलीतल्या मोंझाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत जॉन वॉटसनची मॅकलॅरन गाडी आपटून दुभंगली आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, तेव्हा कार्बनच्या सांगाड्यावर शंका घेणाऱ्यांना उत्तर मिळालं. पण हेच तुकडे सुरीसारखे धारदार असतात आणि त्यांची कुसळं कातडीत सहज घुसतात. ती ठिसूळ असल्याने दाबून काढायला गेलं की आतच मोडतात. चांगल्या उजेडात, भिंग घेऊन, ज्या दिशेने घुसलं त्याच दिशेने चिमट्याने अलगद ओढावं. वरवरची कुसळं चिकटपट्टी लावून उचलली तरी निघतात.

इथे एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. कार्बन फायबरमधून क्ष-किरण जवळजवळ बिनअडथळा जातात. सीटी स्कॅनचं टेबल त्याच गुणामुळे कार्बन फायबरचं बनवतात. त्यामुळे खोल रुतलेलं कुसळ एक्स-रेवर दिसेलच असं नाही. ‘एक्स-रे तर स्वच्छ आहे’ म्हणून दुखणं सोडून देऊ नये. सोनोग्राफीत ते सापडू शकतं. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं आणि टोचणं राहिलं तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

मला गाडीच्या मालकापेक्षा जास्त काळजी वाटते ती डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधल्या पोरांची. मालक तो भाग एकदा हाताळतो. ही पोरं डिस्क ग्राइंडर लावून तो कोरडाच घासतात, मग कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ झटकतात. घासताना उडणारी भुकटी म्हणजे मुख्यतः रेझिनचे कण आणि तंतूंचे आखूड तुकडे. ती ॲस्बेस्टॉस नव्हे, पण त्यातले अतिबारीक कण फुप्फुसात खोलवर जातातच, आणि रोज वर्षानुवर्षं ते ओढणं कुणाच्याही छातीला चांगलं नाही. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. निदान एन-95 मास्क, तोही नाकाशी घट्ट बसलेला, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद गॉगल हवा. वॉटर पेपरने ओलं घासलं तर धूळ फारशी उडत नाही. फक्त तो काळा चिखल वाळायच्या आत पुसून घ्यायचा. हवा मारण्याऐवजी अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरायचा. कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, नाहीतर खाज घरभर पोहोचते.

दुरुस्तीची रसायनं तर याहून त्रासदायक. पूर्ण कडक झालेली इपॉक्सी निरुपद्रवी असते, पण कालवलेली ओली इपॉक्सी आणि तिला कडक करणारं रसायन, म्हणजे हार्डनर, हाताला वारंवार लागला की ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. वरून मारतात त्या टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या, क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याने दमा होतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणते. एन-95 ही वाफ अडवत नाही. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. तडकलेल्या कार्बन भागाच्या दुरुस्तीत सगळ्यात घातक पायरी निवडायला सांगितली, तर मी तंतूंच्या आधी या फवाऱ्याकडे बोट दाखवीन.

एक गोष्ट छातीची नाही, पण गॅरेजच्या कामाची आहे. कार्बन वीजवाहक आहे. 1999 मध्ये नाटोच्या विमानांनी सर्बियाच्या वीजकेंद्रांवर बारीक ग्राफाइट तंतू सोडून शहरंच्या शहरं अंधारात टाकली होती. तेव्हा बॅटरी, फ्यूज बॉक्स किंवा उघड्या कनेक्टरजवळ हे घासकाम करू नये.

जाडी कमी होण्याची दुसरी परिस्थिती आगीची, आणि ती खरोखर गंभीर आहे. आगीत आधी रेझिन जळतं. मग मोकळे पडलेले तंतू साधारण 650 अंशांच्या वर हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू झिजतात आणि 3 मायक्रॉनच्या खाली येऊ शकतात. म्हणजे गाडीवर असताना जो तंतू नाकातच अडकला असता, तोच जळून वायुकोशांत जाण्याइतका बारीक होतो, शिवाय त्यावर धुरातली विषारी रसायनं चिकटलेली असतात. अमेरिकी हवाई दलाच्या अग्निशमन सूचनांत जळालेल्या कार्बन विमानाच्या अवशेषांवर फरशीच्या पॉलिशचं पाण्यात कालवलेलं द्रावण फवारायला सांगितलं आहे, ते सुटे तंतू जागच्या जागी चिकटून राहावेत म्हणून.

जळालेल्या गाडीच्या सांगाड्यातून ‘काही कामाचं निघतंय का’ म्हणून काळे भाग हाताने उकरणं टाळायलाच हवं. जवळ जावंच लागलं, तर आधी तो पाण्याने भिजवावा, आणि वारा त्याच्यावरून आपल्याकडे येईल अशा बाजूला उभं राहू नये. तुटलेला, न जळलेला भाग टाकायचा असेल तर कडांवर चिकटपट्टी लावून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कचरा उचलणाऱ्याला आत धारदार काय आहे ते सांगून द्यावा. कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याच्या ढिगात तो कधीही टाकू नये.