मध्ये काम सुटले होते? ईएसआयचा आजारभत्ता मागण्याआधी तारखा बघा

ज्या कारखान्यांचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) भरणा आमच्या कार्यालयातून होतो, तिथल्या कामगारांसाठी हे माहितीपत्रक आहे. काही महिने घरी बसून पुन्हा कामावर लागलेल्या माणसाला आजारभत्ता नाकारला गेला, तर कारण बहुतेक वेळा आजारात नसते, तारखांत असते.

भत्त्याचा हक्क चालू महिन्याच्या कपातीवर ठरत नाही. १ एप्रिल ते ३० सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपयोगी पडते आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्चची वर्गणी लगेचच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. पगारी रजा आणि पगारी सुट्ट्या यात धरतात, बिनपगारी खाडे धरत नाहीत.

म्हणून खंडाची झळ उशिरा बसते. समजा, जुलैअखेर काम सुटले आणि १ फेब्रुवारीला दुसरीकडे लागलात. मार्चमध्ये टायफॉइड झाला तर भत्ता मिळतो, कारण एप्रिल ते जुलैचे १२२ दिवस भरलेले आहेत. तोच टायफॉइड ऑगस्टमध्ये झाला तर मिळत नाही. पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जात असले तरी फेब्रुवारी-मार्चचे ५९च दिवस होतात. दवाखान्यातले उपचार चालू राहतात, पैसे मात्र थेट जानेवारीपासून. महिना पगारावर असलेला माणूस उशिरात उशिरा १३ जानेवारीला (पुढच्या सहामाहीसाठी १५ जुलैला) रुजू झाला आणि एकही बिनपगारी खाडा केला नाही, तर ७८ दिवस जेमतेम भरतात. रविवारचा रोज मिळत नसेल तर त्याहून आधी लागावे लागते. रुजू होण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर हे मालकाशी आधीच बोला. दोन दिवसांच्या उशिराने सहा महिन्यांचा हक्क जातो.

नव्या नोकरीत सर्वांत मोठा घोटाळा विमा क्रमांकाचा होतो. जुना दहा आकडी क्रमांक पहिल्याच दिवशी द्या. तो दिला नाही तर नवा क्रमांक निघतो, तुम्ही पहिल्यांदाच विम्यात आल्याची नोंद होते आणि नवख्याला आजारभत्त्यासाठी नऊ महिने थांबावे लागते. जुनी वर्गणी जुन्या क्रमांकावर पडून राहते. कार्ड हरवले असेल तर जुन्या पगारपत्रकावर क्रमांक सापडतो. आधार आणि बँक खात्यावरचे नाव अक्षरन् अक्षर एकच आहे ना, तेही तेव्हाच तपासा.

भत्त्याची रक्कम रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के. वरच्या उदाहरणात पगार १८,३०० असेल तर चार महिन्यांचे ७३,२०० भागिले १२२ म्हणजे रोज ६००, त्यावर भत्ता ४२०. आजाराचे पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणून २० दिवसांच्या आजाराचे १८ दिवस, ७,५६० रुपये. आधीच्या भत्त्यानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर हे दोन दिवस कापले जात नाहीत. लागोपाठच्या दोन लाभकाळांत (जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर हे भत्ता मिळण्याचे काळ) मिळून कमाल ९१ दिवस.

आजारी पडलात त्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा ईएसआयने नेमलेल्या (पॅनेल) डॉक्टरकडे जा आणि दाखला घ्या. बाहेरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. तातडीने खासगी रुग्णालयात जावे लागले तर डिस्चार्ज कार्ड, तपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या घरच्या माणसाकरवी लगेच ईएसआयच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. पहिला दाखला, मधले दाखले आणि कामावर जाण्यास योग्य असल्याचा शेवटचा दाखला, ही साखळी तुटू देऊ नका. मधला एक आठवडा सुटला की तेवढे पैसे अडकतात. दाखला मिळाल्यावर तीन दिवसांत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या, सोबत फॉर्म ९ चा दावा.

शाखा कार्यालय मालकाकडून गैरहजेरीची खात्री करून घेते. त्या दिवसांची हजेरी लागली असेल किंवा पगारी रजा टाकली असेल, तर त्या दिवसांचा भत्ता नाही. आजारी पडताच सुपरवायझरला फोन करा आणि ‘माझी पगारी रजा टाकू नका’ असे स्पष्ट सांगा.

क्षयरोगासारख्या यादीतल्या दीर्घ आजारांसाठी ८० टक्के दराचा वाढीव लाभ आहे. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमाधारक नोकरी आणि आधीच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. मध्ये खंड असलेल्यांनी यासाठी अर्ज करण्याआधी दोन्ही नोकऱ्यांची पगारपत्रके घेऊन आमच्याकडे या. दिवसांची मोजणी आम्ही समोर बसून करून देतो.