नॉर्मल म्हणजे किती?

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकलं की जीव भांड्यात पडतो. हा शब्द दवाखान्यात मात्र बऱ्याच उशिरा आला. त्याचं माहेर सुतारकामात. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं साधन. मिस्त्री आजही चौकटीच्या कोपऱ्याला गुण्या लावतो आणि फट दिसली की ‘गुण्यात नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘नॉर्मालिस’ म्हणजे गुण्यात असलेलं. भूमितीनं हा अर्थ टिकवला: शाळेत आरशावर लंब काढलेली जी स्तंभिका आपण शिकलो, ती इंग्रजीत अजून ‘नॉर्मल’च आहे. गुण्याबाहेरचं ते ‘एनॉर्मिस’. अवाढव्य या अर्थाचा ‘इनॉर्मस’ त्यातूनच निघाला.

‘नेहमीसारखं’ हा अर्थ रुळला तो 19व्या शतकात. फ्रेंच वैद्यक निरोगी अवस्थेला नॉर्मल म्हणू लागलं, आणि संख्याशास्त्रानं त्याला सरासरी जोडून दिली. खरी गोम इथेच आहे. गुण्या सांगतो कसं असायला हवं. सरासरी सांगते कसं आहे. आपण एकाच शब्दात दोन्ही कोंबतो.

अंगातल्या तापाचंच बघा. जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे 25,000 रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून 1868 साली निष्कर्ष छापला: निरोगी माणसाचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याचं फॅरनहाइट केलं की 98.6 येतं, आणि त्या ‘पॉइंट सहा’मुळे आकडा उगाच काटेकोर वाटतो. 2020 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तर अमेरिकेतल्या लोकांचं सरासरी तापमान दीडेकशे वर्षांत हळूहळू उतरलेलं दिसलं.

पावसाच्या बाबतीत तर नॉर्मल ठरवूनच घ्यावा लागतो. 1935 साली वॉर्सात भरलेल्या हवामानतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तीस वर्षांच्या सरासरीचा पायंडा पाडला. पहिला टप्पा 1901 ते 1930. आपलं हवामान खातं मोसमी पावसासाठी पन्नास वर्षं धरतं. जून ते सप्टेंबर या काळात देशभरात त्या सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला, तर तो ‘सर्वसाधारण’. जिल्ह्याला मात्र 19 टक्के कमी-जास्तीची मुभा! शिवाय जागेगणिक माप वेगळं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचा सरासरी पाऊस पाच हजार मिलिमीटरहून जास्त, आणि माणदेशात म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. म्हसवडला हजार मिलिमीटर झाला तर हाहाकार उडेल, महाबळेश्वरला तेवढ्याच पावसात दुष्काळ म्हणतील.

आता गंमत अशी, की ही सरासरीही हलते. 1951 ते 2000 या काळावरून देशाचा आकडा 89 सेंटिमीटर होता, 1961 ते 2010 वरून 88 झाला, आणि 2022 पासून 1971 ते 2020 धरून तो 87 आहे. पावसात दशकानुदशकं चालणारे ओले-कोरडे कालखंड येतात, हे त्यामागचं खात्याचं स्पष्टीकरण. समजा एखाद्या वर्षी 84.5 सेंटिमीटर पाऊस पडला. जुन्या 89 च्या हिशेबानं तो 95 टक्के, म्हणजे ‘सरासरीपेक्षा कमी’. नव्या 87 च्या हिशेबानं 97 टक्के, म्हणजे सर्वसाधारण. विहिरीतलं पाणी दोन्हीकडे तेवढंच. म्हणून बातमीत ‘यंदा पाऊस नॉर्मल’ असं वाचलं, की मी आधी विचारतो: कुठला, आणि कुठल्या वर्षांच्या मापानं?