शेळ्यांमधले जंत आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस

शेळीच्या पोटात, रक्तात किंवा कातडीवर परजीवी वाढले की शरीरात फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) जास्त तयार होतात आणि त्यांना आवरणारे अँटिऑक्सिडंट कमी पडतात, यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), बॅबेसिया (रक्तातले सूक्ष्म परजीवी), यकृतातले चपटे कृमी, खरूज, सगळ्यांतच हे थोडंफार दिसतं, पण नागपूरकडच्या बकऱ्यांचं बोलायचं तर पहिलं नाव हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या जंताचं.

हा जंत चौथ्या पोटात राहतो, मादी लाल-पांढरा पीळ दिल्यासारखी दिसते, आणि एकेक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत झाले की रोजचं ५० मिलि गेलं आणि २० किलोच्या बकरीत रक्तच जेमतेम सव्वा-दीड लिटर असतं. पाऊस लागला की काटोल, उमरेड, रामटेककडच्या झुडपी जंगलात या जंताच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढतात, आपली बेरारी बकरी तेच पातं खाते.

आता आत काय होतं ते बघा. जंताला मारायला शेळीच्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जाळणारी रसायनं सोडतात, पण जंताकडे स्वतःचे अँटिऑक्सिडंट एन्झाइम असतात, तो बऱ्यापैकी तग धरतो आणि मार बसतो आजूबाजूच्या शेळीच्याच पेशींना. पेशीच्या आवरणातली चरबी खराब होऊन मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं, त्यावरूनच नुकसान मोजतात. लॅबमध्ये थायोबार्बिट्युरिक अॅसिड टाकून नमुना गरम केला की गुलाबी रंग येतो, गडद गुलाबी म्हणजे नुकसान जास्त.

दुसरीकडे शेळीच्या शरीरातले अँटिऑक्सिडंट, म्हणजे ग्लुटाथायोन आणि कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही एन्झाइमं, हे बहुतेक वेळा घटतात, कधी कधी मात्र सुरुवातीला एखादं एन्झाइम उलट वाढलेलंही सापडतं कारण शरीर भरपाई करायला बघतं. अशा अँटिऑक्सिडंट एन्झाइमना तांबं, जस्त, सेलेनियम लागतं आणि जंतानं भूकच मेलेली, प्रथिनं आतड्यातून गळतायत, मग कच्चा माल येणार कुठून! त्यात लाल पेशीत केंद्रक नसतं, तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही, शेळीची लाल पेशी जगते साधारण चार महिने, म्हणून औषध पाजून जंत पडले तरी रक्तातली ही तूट लगेच भरत नाही, नव्या पेशी यायला वेळ लागतो.

बकरी वाळली की आधी टॉनिकची बाटली आणतात लोक, मला हे पटत नाही. आधी खालची पापणी ओढून बघा, लालसर गुलाबी आहे की पांढरी फटक, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आहे का, आणि लेंडी तपासायला द्या. दक्षिण आफ्रिकेत निघालेला ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा चार्ट याच पापणीच्या रंगावर १ ते ५ नंबर देतो. फिकट निघाल्या त्यांनाच औषध पाजायचं, सगळ्या कळपाला सारखं पाजत राहिलं की जंत औषधाला दाद देत नाहीत. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम जोडीला बरं, पण डॉक्टरच्या मापानंच, सेलेनियम जास्त झालं तर विष होतं.