चित्राची मागची बाजू

मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर एका जलरंगातल्या चित्राचे दोन फोटो पाठवले. गिरगावातली गल्ली, लाकडी गॅलऱ्या, खाली उभी हातगाडी, उजव्या कोपऱ्यात देवनागरीत सही. "मामा, ऑनलाइन दिसलंय. चाळीस हजार म्हणतायत. घेऊ का?" मी विचारलं, "मागची बाजू कुठंय?" त्यावर त्याचा प्रश्न आला, "मागे काय असतं?"

त्याला फोनवर उत्तर द्यायला लागलो आणि अर्धा तास बोलतच राहिलो. कारण मुंबईत चित्रं कशी विकली गेली, हे सांगितल्याशिवाय मागच्या बाजूचं महत्त्व कळत नाही. आज मोबाइलवर बोली लावता येते. २२ सप्टेंबर २०२५पासून हातानं काढलेल्या चित्रांवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे माझ्या भाच्यासारखी पगारदार मुलंमुलीही चित्रांकडे वळू लागली आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण ही मंडळी ज्या बाजारात शिरतायत, तो पडद्यावर येण्याआधी कितीतरी वर्षं ओळखीपाळखीवर चालत होता. तेव्हाची कागदपत्रं तेव्हाही पुरती नव्हती आणि आजही नाहीत.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांतून धुरंधर, हळदणकर अशा चित्रकारांची नावं घराघरांत पोचली. पण चित्रं विकत घेणारे कोण? संस्थानिक, युरोपीय अधिकारी, थोडे पारशी आणि गुजराती धनिक. मध्यमवर्गीय मराठी घराच्या भिंतीवर असायची ती रविवर्मा प्रेसची छापील लक्ष्मी-सरस्वती. हा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ती छापील चित्रं, म्हणजे ओलिओग्राफं, आज ऑनलाइन बाजारात सर्रास 'ओरिजिनल रविवर्मा' म्हणून फिरतात. ओरिजिनल असतं ते छापील चित्र, रविवर्मांच्या हातचं नव्हे. खालच्या कडेला प्रेसचं नाव आणि 'कार्ला-लोणावळा' असा पत्ता छापलेला सापडला, तर निदान छपाई तरी खरी निघण्याची आशा धरता येते. फ्रेमवाले नेमकी तीच कड माउंटच्या पुठ्ठ्याखाली दाबतात किंवा कापून टाकतात.

खरी गोष्ट सुरू होते ती फ्रेमच्याच दुकानातून. केकू गांधींनी १९४१मध्ये 'केमोल्ड' हा चौकटी बनवण्याचा कारखाना काढला. केमिकल आणि मोल्डिंग या दोन शब्दांतून ते नाव झालं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात नमुन्याच्या चौकटी टांगलेल्या असत. त्या रिकाम्या कशाला ठेवायच्या, म्हणून आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रं त्यांत बसू लागली. फ्रेम बघायला आलेलं गिऱ्हाईक चित्राची किंमत विचारू लागलं. आपल्याकडच्या आधुनिक चित्रांच्या बाजाराचा जन्म असा चौकटीतून झाला, हे मला फार बोलकं वाटतं. चित्र कुणी, कधी, कुणासाठी मढवलं, याची चिठ्ठी मागे चिकटलेली असायची. पुढे कित्येक चित्रांच्या बाबतीत तेवढाच एक पुरावा उरला.

१९४७मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते युरोपातून मुंबईत येऊन राहिलेले तिघं. रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रात लिहीत, वॉल्टर लँगहॅमर स्वतः चित्रकार, आणि इमॅन्युएल श्लेसिंजर चित्रं विकत घेत. १९५२मध्ये काळा घोड्याला सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. ती व्हावी म्हणून हेब्बर आणि होमी भाभा यांनी खूप खटपट केली होती. १९६३मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली आणि त्याच वर्षी काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनजवळ आपलं दालन उघडलं. वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन आणि गायतोंडे काम करत. चित्र पाहायचं, चित्रकाराशी बोलायचं आणि जमलं तर हप्त्यानं घ्यायचं, हे सगळं दोन-तीन मैलांच्या परिसरात होत होतं.

किमतींचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण. १९५६मध्ये एअर इंडियानं बी. प्रभा यांची सहा चित्रं आपल्या कार्यालयासाठी घेतली, प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना. प्रभाताई नागपूरजवळच्या बेल्याच्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या. अशा व्यवहारात कागद किती उरणार? मोठ्या संस्थेच्या दप्तरी निदान नोंद तरी राहिली. पण चित्रकारांनी डॉक्टरला फीऐवजी दिलेली, मित्राच्या लग्नात भेट दिलेली, घरमालकाकडे भाड्यापोटी ठेवलेली चित्रं शेकड्यांनी असतील. ना पावती, ना फोटो. माणूस ओळखीचा होता, म्हणून कुणी मागितलीही नाही.

इंटरनेट आलं ते या पार्श्वभूमीवर. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला ते सर्वसामान्यांना खुलं केलं. पाच वर्षांनी, २००० साली, मुंबईतच दिनेश आणि मीनल वझीरानी यांनी सॅफ्रनआर्ट सुरू केलं आणि डिसेंबरमध्ये पहिला ऑनलाइन लिलाव घेतला. त्या काळचं मोडेम आठवतं का? टेलिफोनच्या तारेवरून ते किरकिरत जोडलं जायचं आणि चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उमटायचं. आधी आकाश, मग डोकी, मग धड. मधेच कुणी फोन उचलला की कनेक्शन तुटायचं. अशा पडद्यावर पाहून कुणी लाखाचं चित्र घेईल, यावर गॅलरीवाल्यांचा विश्वास नव्हता. पण घेणारे निघाले, त्यांत परदेशी स्थायिक झालेले भारतीय पुष्कळ. त्यांना जहांगीरच्या पायऱ्या चढायला येणं शक्य नव्हतं आणि मुंबईतल्या गॅलरीवाल्याशी त्यांची घसटही नव्हती. पडद्यावर मात्र किंमत सगळ्यांना एकच दिसत होती.

माझ्या मते ऑनलाइन बाजारानं केलेलं सर्वांत मोठं काम हेच. तोवर चित्राची किंमत ही कानात सांगायची गोष्ट होती. लिलावाचे निकाल जाहीरपणे पडद्यावर राहू लागले आणि गायतोंडेंचं अमक्या आकाराचं, अमक्या साली केलेलं चित्र कितीला गेलं, हे दादरला बसून कुणालाही पाहता येऊ लागलं. २००२मध्ये तैयब मेहतांचं 'सेलिब्रेशन' न्यूयॉर्कच्या लिलावात ३,१७,५०० डॉलरला गेलं. २००५मध्ये त्यांच्याच 'महिषासुर'नं दहा लाख डॉलरचा उंबरठा ओलांडला. ही बातमी आली आणि चित्रं म्हणजे सोनं-शेअर असं समजणाऱ्यांची रीघ लागली. २००८च्या मंदीत ती झटक्यात ओसरली. तेजीच्या त्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष न पाहता घेतलेली कितीतरी चित्रं गुंडाळलेल्या अवस्थेतच पुन्हा विकायला आली.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच २००८मध्ये मुंबईत ॲस्टागुरू हे लिलावगृह निघालं. पंडोल यांनीही २०११पासून लिलाव सुरू केले. २०२०च्या टाळेबंदीत तर ज्या गॅलऱ्या पडद्याला नाकं मुरडत होत्या, त्यांनीही ऑनलाइन दालनं उघडली.

पण १९ डिसेंबर २०१३च्या रात्रीपाशी मला थांबायचंय. ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीज या परदेशी लिलावगृहाचा भारतातला पहिला लिलाव झाला. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या वासुदेव गायतोंडेंचं १९७९चं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि सगळ्या मथळ्यांत तेच झळकलं. त्याच लिलावात केकू गांधींच्या कुटुंबाचा संग्रहही विकायला होता आणि त्यातल्या चित्रांवर बोली अंदाजाच्या कितीतरी वर चढली. केकू आदल्या वर्षीच गेले होते. त्या चित्रांचा प्रवास अगदी सरळ होता. चित्रकाराच्या हातून केकूंच्या घरी आणि घरातून थेट लिलावात. लोकांनी पैसे मोजले ते या सरळ रेषेलाही. ही रेषा म्हणजेच चित्राची मागची बाजू.

ती सरळ नसली की काय होतं, ते २००९मध्ये दिल्लीत दिसलं. सय्यद हैदर रझा एका खासगी दालनात आपल्याच नावानं भरलेलं प्रदर्शन पाहायला गेले आणि भिंतीवरची चित्रं बनावट असल्याचं त्यांनीच ओळखलं. चित्रकार हयात होता, म्हणून प्रकरण तिथल्या तिथे उघड झालं. चित्रकार प्रभाकर बरवे १९९५मध्ये गेले, गायतोंडे २००१मध्ये. त्यांच्यासाठी आता कोण जाऊन सांगणार?

माझा स्वतःचा अनुभवही सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावरून मी समुद्रकिनाऱ्याचं एक निसर्गचित्र घेतलं. वर्णनात 'कॅनव्हासवर मिश्र माध्यम' असं लिहिलं होतं. घरी आल्यावर खिडकीपाशी तिरकं धरून पाहिलं, तर वरच्या रंगाचे फटकारे खालच्या लाटांशी जुळतच नव्हते. दहापट भिंग लावलं. आभाळाच्या निळ्यात निळे, गुलाबी, काळे बारीक ठिपके फवारल्यासारखे दिसले. मशीनवर छापलेलं चित्र होतं आणि त्यावर पारदर्शक लेप ब्रशनं ओढला होता. मागचा कॅनव्हास पांढराशुभ्र, कडांना तेलाचा एक डाग नाही. मागच्या बाजूचा एक फोटो मी आधी मागितला असता तर पैसे वाचले असते. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत, 'मिश्र माध्यम' या शब्दांवर बोट ठेवलं.

ऑनलाइन संशोधन करायचं म्हणजे काय करायचं, हे भाचा विचारतोच आहे. नामवंतांचं काम त्या मानानं सोपं आहे. लिलावांचे जुने निकाल, छापील कॅटलॉगांच्या प्रती, संग्रहालयांची संकेतस्थळं उघडतात. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हनं दक्षिण आशियातल्या कलालेखनाची सूची तयार केली आहे. ती तेरा भाषांतली आहे आणि त्यांत मराठीही आहे. पण सूचीत लेखाचं नाव सापडलं म्हणजे लेख हाती आला असं नाही. आपल्याकडचं लिखाण अडकलंय ते 'सत्यकथा'-'मौज'च्या जुन्या अंकांत, दिवाळी अंकांत, ज्ञानेश्वर नाडकर्णींच्या वर्तमानपत्री परीक्षणांत आणि प्रदर्शनांच्या चार पानी पत्रिकांत. 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकानं गायतोंडेंवर विशेषांक काढले, म्हणून त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला मिळतं. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड हाताशी असला, तर महाराष्ट्रातल्या शेकडो चित्रकारांची जन्मसालं, शिक्षण, पारितोषिकं तरी पडताळता येतात. पण दुसऱ्या फळीतला, गिरगाव-दादरला राहून आयुष्यभर जलरंगात काम केलेला, शाळेत ड्रॉइंग शिकवून घर चालवलेला चित्रकार गूगलला ठाऊकच नसतो. त्याची चित्रं म्हणूनच स्वस्त आहेत, आणि म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. मला सगळ्यांत जास्त खंत याची वाटते. किमती पडद्यावर यायला पाच-सात वर्षं लागली. कागद मात्र पंचवीस वर्षांनीही माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत.

कायद्याच्या दोन गोष्टीही भाच्याला सांगितल्या. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय अशा काही जणांची चित्रं तर वयाचा विचार न करता राष्ट्रीय ठेवा ठरली आहेत. २०२३मध्ये शेर-गिलचं 'द स्टोरी टेलर' ६१ कोटी ८० लाखांना गेलं, तेही देशातच राहण्याच्या अटीवर. दुसरी गोष्ट, चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचे कॅलेंडर छापायचे हक्क मिळत नाहीत. ते चित्रकाराकडे आणि पुढे त्याच्या वारसांकडेच राहतात. चित्राची दहा हजारांहून अधिक किमतीला फेरविक्री झाली, तर मूळ चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागण्याची तरतूदही कॉपीराइट कायद्यात आहे. साडेसत्त्याऐंशी रुपयांना चित्र दिलेल्यांच्या घरच्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तीन दिवस मागे लागल्यावर विक्रेत्यानं भाच्याला मागच्या बाजूचा फोटो पाठवला. खाकी कागद, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आणि मधोमध फ्रेमवाल्याची चिठ्ठी. पत्ता गिरगावचा, शेवटी 'मुंबई ४'. भाचा हिरमुसला, "पिनकोड पण अर्धाच आहे." मी म्हटलं, "अरे, तीच तर चांगली खूण!" सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्याआधी गिरगाव म्हणजे मुंबई ४, त्याचंच पुढे ४००००४ झालं. म्हणजे चिठ्ठी पन्नास वर्षांहून जुनी असण्याचा संभव पुष्कळ. मग फोटो मोठा करून खिळे पाहिले. चौकटीच्या आतल्या कडेला गंजाचे तपकिरी डाग ओळीनं होते, पण त्या डागांत खिळे नव्हते. खिळे बोटभर अंतरावर होते, चकचकीत. कुणीतरी कधीतरी ही फ्रेम उघडली आहे. काच बदलायला उघडली असेल, किंवा आतलं चित्रच बदलायला.

शनिवारी तो प्रत्यक्ष पाहायला जाणार आहे. फ्रेम समोर उघडून दाखवायला विक्रेता तयार झाला आहे. भिंग मी दिलंय.